हजेरीपटातली तिसरी खूण

दुसऱ्या बाकावरचा तो मुलगा पहिल्या तासाला ठीक दिसत होता. वही काढली, तारीख घातली, फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं. चौथ्या तासापर्यंत त्याचे डोळे लाल झाले आणि त्यानं मान बाकावर टेकली. कपाळाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप. घरी फोन केला. आईच्या आवाजात अपराधीपणा होता. ताप रात्रीच आला होता, सकाळी औषध देऊन उतरवला आणि त्याला शाळेत पाठवलं, कारण तिला कामावरून सुट्टी मिळण्यासारखी नव्हती. मी मुलाला विचारलं, "अरे, बरं नव्हतं तर घरी का नाही थांबलास?" तो म्हणाला, "बाई, माझी हजेरी पूर्ण आहे ना."

पुढच्या आठवड्यात माझा वर्ग जवळजवळ निम्मा रिकामा झाला. त्या मुलाला दोष देणं अन्यायाचं होईल. फ्लू कुणाकडून कुणाकडे गेला हे वर्गात सहसा कळत नाही आणि ते शोधत बसण्यात अर्थही नाही. पण त्या वर्षी पूर्ण उपस्थितीचं प्रशस्तिपत्रक जिला मिळालं, ती मुलगी त्याच साथीत तीन दिवस खोकत वर्गात बसली होती, हे मला माहीत होतं. त्या प्रशस्तिपत्रकावर वर्गशिक्षिका म्हणून सही माझी होती. ती सही मला आजही टोचते.

शाळांमधला फ्लू कसा रोखायचा, असा प्रश्न निघाला की हात धुवा, रुमाल वापरा, गर्दी टाळा अशा सूचनांचं पत्रक निघतं. या सूचना चुकीच्या नाहीत, त्यांतल्या काहींच्या बाजूनं चांगले पुरावे आहेत आणि त्यांच्याकडे मी पुढे येणार आहेच. पण त्या सगळ्या मुलाला उद्देशून असतात. शाळेनं स्वतःचं काय बदलायचं, याबद्दल पत्रकात एक ओळही नसते. माझं म्हणणं असं की शाळेतला फ्लू रोखायचा असेल तर आजारी मुलाला घरी राहण्याची मोकळीक आधी द्यायला हवी, आणि आज ती मोकळीक शाळेचे नियमच अडवून धरतात. आपल्या हजेरीपटाला दोनच खुणा ठाऊक आहेत, हजर आणि गैरहजर. आजारी मूल यांतल्या कुठल्याच खुणेत बसत नाही.

आधी आजाराचा स्वभाव पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला साधारण दोन दिवस लागतात, कधी एक, कधी चार. रुग्ण दुसऱ्याला आजार देऊ शकतो तो लक्षणांच्या सुमारे एक दिवस आधीपासून ते आजारी पडल्यानंतर पाच ते सात दिवसांपर्यंत. लहान मुलांमध्ये हा काळ आणखी लांबतो, दहा दिवस किंवा त्याहूनही जास्त. संसर्ग देण्याची क्षमता सर्वांत जास्त असते ती आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत. म्हणजे आपण ज्या दिवसांत ताप उतरवून मुलाला वर्गात बसवतो, नेमके तेच दिवस सगळ्यांत धोक्याचे. औषधानं ताप उतरतो, मुलाला बरं वाटतं, पण घशातला आणि नाकातला विषाणू तिथेच असतो. चोवीस तास औषधाशिवाय ताप नसेल आणि बाकीचा त्रासही कमी होत असेल, तरच बाहेर पडावं, असं डॉक्टर सांगतात ते यासाठीच.

इथे एक आक्षेप रास्त आहे. लक्षणांच्या आदल्या दिवशीच मूल संसर्ग देत असेल, तर आजारी मुलांना घरी ठेवून साथ थांबेल कशी? पूर्ण थांबणार नाहीच. पण आजाराचा पहिला दिवस आणि चौथा दिवस यांच्यामध्ये तीस-चाळीस मुलांच्या वर्गात त्या मुलाचे किती तास जातात, ते मोजा. त्यातले निम्मे तास जरी वाचले तरी साथीची चाल मंदावते. साथ मंदावली की रोज नव्यानं आजारी पडणारे कमी होतात, शिक्षकही टिकतात, शाळा चालू राहते. सगळं थांबवता येत नाही म्हणून काहीच करायचं नाही, हे शहाणपणाचं नाही.

आणि हा प्रश्न केवळ मुलांच्या चार दिवसांच्या तापाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लूमुळे दरवर्षी जगभरात ३० ते ५० लाख लोक गंभीर आजारी पडतात आणि श्वसनाच्या कारणानं २,९०,००० ते ६,५०,००० माणसं मरतात. त्यांतले बरेच वृद्ध, काही अगदी तान्ही बाळं, काही आधीच दमा किंवा हृदयविकार असलेले. शाळेतलं मूल संध्याकाळी घरी जातं तेव्हा आजी-आजोबांच्या मांडीवर बसतं, धाकट्या भावंडाची पापी घेतं. वर्गातली साथ वर्गात राहत नाही.

पूर्ण उपस्थितीच्या बक्षिसांमागचा हेतू वाईट नाही, हे मला मान्य आहे. मुलांनी रोज शाळेत यावं, शिस्त लागावी, हा तो हेतू. पण हे बक्षीस नेमकं कशासाठी दिलं जातं? वर्षभर आजारी न पडणं ही मुलाची कामगिरी नव्हे, ते नशीब आहे. आणि आजारी असतानाही येणं ही कामगिरी मानायची असेल, तर आपण आजार वर्गात आणण्याचा सन्मान करतो आहोत. दम्याचा त्रास असलेलं मूल वर्षात आठ-दहा दिवस घरी राहणारच. त्याला दर वर्षी व्यासपीठाखाली बसून टाळ्या वाजवायला लावण्यात कसली शिस्त आहे? माझ्या वर्गातला तो मुलगा हट्टी नव्हता, बेफिकीर तर मुळीच नव्हता. आपण त्याला जे शिकवलं होतं ते त्यानं प्रामाणिकपणे पाळलं.

याच्या उलट बाजूचं म्हणणं मी वर्षानुवर्षं शिक्षकांच्या खोलीत ऐकलं आहे, आणि ते हलकं नाही. गैरहजेरीनं मुलांचं नुकसान होतं, हे खरं आहे. आठवड्यातून एक-दोन दिवस बुडवणारं मूल हळूहळू मागे पडतं, मग त्याला शाळेत यायची लाज वाटू लागते, मग ते शाळाच सोडतं. ही घसरण मी डोळ्यांनी पाहिली आहे. ज्या घरात अभ्यास घ्यायला कुणी नाही, त्या घरातल्या मुलाचा बुडालेला एक दिवसही महागात पडतो. नियम सैल केले तर 'आजारी आहे' हे कारण सर्रास पुढे येईल, अशी भीती मुख्याध्यापकांना वाटते. ती भीती खोटी नाही. म्हणूनच मला नियम सैल नको आहे. मला वेगळा नियम हवा आहे.

असा नियम जगात आहे आणि तो चालतो. जपानच्या शालेय आरोग्यविषयक नियमांत फ्लू झालेल्या विद्यार्थ्याबद्दल २०१२ पासून स्पष्ट तरतूद आहे. आजार सुरू झाल्यापासून पाच दिवस पूर्ण व्हायला हवेत आणि ताप उतरून दोन दिवस पूर्ण व्हायला हवेत. दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय मुलानं शाळेत यायचं नाही. शाळेत जायच्या आधीच्या वयातल्या लहानग्यांसाठी ताप उतरल्यानंतरचे दिवस तीन. दोन अटी का, तर औषधांनी ताप दुसऱ्याच दिवशी उतरतो आणि मूल खुशाल दिसतं, पण संसर्ग देण्याचा काळ संपलेला नसतो. फक्त तापावर विसंबलं तर मूल फार लवकर परत येईल, हा विचार त्या नियमात दिसतो.

पण मला त्या नियमातली सर्वांत मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. हे दिवस तिथे गैरहजेरीत धरले जात नाहीत. त्यांना उपस्थिती-स्थगिती म्हणतात. त्या मुलानं जितके दिवस शाळेत यायला हवं होतं, त्या संख्येतूनच हे दिवस वजा होतात. घरी राहणं तिथे चूक नाही, ती नियमानं नेमून दिलेली जबाबदारी आहे. जपानी शाळांमध्ये उपस्थितीला किती महत्त्व आहे हे सर्वश्रुत आहे. त्या शिस्तप्रिय व्यवस्थेला हजेरीपटात तिसरी खूण करणं जमलं आणि त्यानं तिची शिस्त बिघडली नाही.

ही तिसरी खूण एवढीच माझी मुख्य मागणी आहे. कागदावरचा बदल अगदी लहान. पण त्यामुळे बक्षिसाचा हिशेब बदलतो, परीक्षेला बसण्यासाठी लागणाऱ्या उपस्थितीच्या टक्केवारीचा हिशेब बदलतो, आणि मुलाच्या मनातली धास्ती जाते. सबबी सांगणाऱ्यांचं काय, याचं उत्तरही त्या खुणेतच आहे. आज सगळ्या गैरहजेऱ्या एका खुणेत मिसळलेल्या असल्यामुळे वारंवार शाळा बुडवणारं मूल आणि तापानं पडलेलं मूल आपल्याला वेगळं दिसतच नाही. वेगळी नोंद ठेवली तर साथ नसताना दर सोमवारी 'आजारी' पडणारं मूल चटकन लक्षात येईल. त्याच्या घरी काही वेगळं बिनसलं असण्याची शक्यता जास्त, आणि त्याकडे लक्ष देणं हे आमचं कामच आहे.

दोन-तीन दिवसांच्या तापासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागण्याची पद्धत मात्र बंद करावी, असं मला वाटतं. साथीच्या दिवसांत दवाखान्यांत आधीच रांगा असतात. ज्या मुलाला पाणी, विश्रांती आणि आईचा हात एवढंच हवं आहे, त्याला केवळ एका कागदासाठी त्या रांगेत बसवायचं. तिथे कुणाचं तान्हं बाळ असतं, कुणी गरोदर बाई असते. कागद मिळतो आणि संसर्गही पसरतो. पालकांच्या दोन ओळींवर विश्वास ठेवायला काय हरकत आहे? श्वास जोरात चालू लागला, ओठ निळसर दिसू लागले, मूल पाणी पिईना, लघवी होईना, उठवूनही नीट जागं होईना, किंवा ताप उतरून पुन्हा चढला, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता डॉक्टरांकडे न्यायला हवं. शाळेनं पालकांना पाठवायच्या पत्रकात या खुणा ठळक छापाव्यात. आणि त्यात हेही छापावं की फ्लूच्या तापात मुलांना ॲस्पिरिन देऊ नये, कारण त्यातून रेज सिंड्रोम नावाचा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होऊ शकतो.

आता त्या आईकडे येते. ती निष्काळजी नव्हती. मुलाला तापात पाठवताना तिच्या जिवाचं काय झालं असेल, हे तिच्या आवाजात कळत होतं. घरी थांबली असती तर दिवसाचा रोजगार बुडाला असता, कदाचित कामही गेलं असतं. शाळेनं कितीही चांगला नियम केला तरी आईबापांपैकी एकाला घरी थांबता येत नसेल, तर तो कागदावरच राहणार. स्वीडनमध्ये आजारी मुलाची काळजी घेण्यासाठी पालकांना सवेतन रजा मिळते, एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत, आणि एका मर्यादेपर्यंत उत्पन्नाच्या जवळजवळ ८० टक्के भरपाई सामाजिक विम्यातून होते. या रजेला तिथले लोक 'वाब' म्हणतात. फेब्रुवारीत मुलं इतकी आजारी पडतात आणि इतके आईबाप रजेवर असतात, की त्या महिन्याला बोलीभाषेत 'वाब्रुआरी' असं नाव पडलं आहे. मला हा शब्द फार आवडतो. मुलं आजारी पडणारच आणि तेव्हा आईबाप घरी असणारच, हे एका समाजानं इतक्या सहज स्वीकारलं की त्याचा महिनाच झाला.

दुसरीकडे, अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात आजारपणाच्या सवेतन रजेची हमी देणारा देशव्यापी कायदा आजही नाही. म्हणजे हा पैशांचा प्रश्न आहे तसाच निवडीचाही आहे. साथरोगाच्या नियोजनात लस, औषधं, खाटा यांचा हिशेब होतो. पालकांच्या रजेचा हिशेबही त्याच तक्त्यात यायला हवा. आजारी मुलाशेजारी बसलेली आई त्या दिवशी साथीची एक साखळी तोडत असते.

शाळेच्या हातातली पुढची गोष्ट म्हणजे हवा. याबद्दल आपण फार कमी बोलतो. १९७७ साली अलास्कामध्ये एका विमानाचं उड्डाण इंजिनातल्या बिघाडामुळे रखडलं. ५४ माणसं विमानात होती, त्यांतली बहुतेक सुमारे तीन तास आतच बसून राहिली, आणि हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. प्रवाशांमध्ये एकाला फ्लूची लक्षणं होती. पुढच्या तीन दिवसांत त्यांतले ७२ टक्के लोक आजारी पडले. हे विमान मला आठवतं ते खिडक्या बंद करून बसलेला वर्ग पाहिला की. तिथे तीन तास होते, आमच्या वर्गात पाच-सहा तास असतात, आणि तेही रोज.

वर्गातली हवा कोंदट झाली आहे हे नाकाला कळतं, पण उशिरा. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र ते आधी सांगतं. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतं. भरलेल्या बंद वर्गात ते हजाराच्या वर सहज जातं. याचा सरळ अर्थ असा की आपण एकमेकांनी सोडलेला श्वास पुन्हा आत घेतो आहोत. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं २०२३ मध्ये इमारतींमधली हवा तासाला निदान पाच वेळा बदलावी किंवा तितक्या प्रमाणात शुद्ध व्हावी, असं उद्दिष्ट सुचवलं, आणि कार्बन डायऑक्साइडसाठी ८०० हा आकडा संदर्भ म्हणून दिला. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवणं, तासांच्या मध्ये दार सताड उघडणं, जिथे थंडीमुळे ते शक्य नाही तिथे हवा गाळणारं यंत्र लावणं, यांतलं काहीच असाध्य नाही. १९०४ साली बर्लिनजवळ शार्लोटनबुर्ग इथे नाजूक प्रकृतीच्या मुलांसाठी रानात उघड्यावरची शाळा सुरू झाली होती. तेव्हा क्षयाची धास्ती होती. मोकळ्या हवेचं मोल तेव्हाच्या शिक्षकांना कळलं होतं, आणि आपण पुढे इमारती बांधताना ते विसरलो.

बाक पुसण्याबद्दल मी याच्या तुलनेत थोडकंच सांगेन. फ्लूचा विषाणू पोलाद किंवा प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर एक-दोन दिवस तग धरू शकतो, कागदा-कापडावर काही तास, आणि हातावर मात्र जेमतेम पाच मिनिटं. म्हणून दारांच्या मुठी पुसाव्यात, पण साथीच्या दिवसांत शाळेचा सगळा वेळ आणि पैसा जंतुनाशकाच्या फवाऱ्यावर खर्च होतो आणि खिडक्या तशाच बंद राहतात, हे मला पटत नाही. फवारणी दिसते म्हणून ती केली जाते. हवा दिसत नाही.

हात धुण्याचं मात्र तसं नाही. इजिप्तची राजधानी कैरो इथल्या ६० प्राथमिक शाळांमध्ये हा प्रयोग नीट पद्धतशीरपणे करून पाहिला गेला. निम्म्या शाळांत मुलांना दिवसातून ठरलेल्या वेळी हात धुवायला लावले, मोहीम जोरात चालवली. त्या शाळांत प्रयोगशाळेत निश्चित झालेल्या फ्लूमुळे होणारी गैरहजेरी ५० टक्क्यांनी घटली, जुलाबांमुळे होणारी ३० टक्क्यांनी, आणि डोळे येण्यामुळे होणारी तर ६७ टक्क्यांनी. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पण तिथे नळाला पाणी होतं, साबण होता आणि वेळापत्रकात त्यासाठी वेळ राखून ठेवला होता. 'हात स्वच्छ धुवा' असं भिंतीवर लिहायचं आणि नळाशी साबण ठेवायचा नाही, हे मुलांना उपदेशाबद्दल जे शिकवतं ते फार वाईट आहे.

लसीचा मुद्दा मोठा आहे, आणि त्यावर भावना तापतात. फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीच्या घटकांची शिफारस नव्यानं करते आणि लस दर वर्षी घ्यावी लागते. लस आणि फिरता विषाणू यांचा मेळ चांगला जमलेल्या वर्षीही डॉक्टरकडे जावं लागण्याचा धोका ती साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हे प्रमाण ऐकून पालक म्हणतात, मग टोचायची कशाला? एका मुलाकडे पाहिलं तर शंका समजण्यासारखी आहे. शाळेकडे पाहिलं की चित्र पालटतं.

१९६८ मध्ये हाँगकाँग फ्लूची साथ येत असताना अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या टेकुमसे या गावात शाळकरी मुलांपैकी सुमारे ८५ टक्के मुलांना लस दिली गेली. शेजारच्या गावात ती दिली नव्हती. साथ आली तेव्हा टेकुमसेत फ्लूसारख्या आजाराचं प्रमाण शेजारच्या गावाच्या साधारण एक तृतीयांश राहिलं, आणि हा फरक केवळ मुलांपुरता नव्हता. पुढे कॅनडात हटराइट या सामूहिक शेती करून राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाच्या एकमेकींपासून दूर असलेल्या वस्त्यांमध्ये आणखी काटेकोर प्रयोग झाला. काही वस्त्यांतल्या मुलांना फ्लूची लस, बाकीच्यांतल्या मुलांना तुलनेसाठी काविळीची. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांना फ्लूची लस दिलेल्या वस्त्यांमध्ये लस न घेतलेल्या माणसांनाही ६१ टक्के संरक्षण मिळालं. मुलं लसवंत झाली आणि आजोबा वाचले.

जपाननं हे फार मोठ्या प्रमाणावर केलं होतं. १९६२ पासून तिथे शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जाऊ लागली, १९७७ मध्ये ती सक्तीची झाली. पुढे लसीच्या उपयोगाबद्दल आणि दुष्परिणामांबद्दल शंका वाढल्या, १९८७ मध्ये पालकांना नकार देण्याची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रम थांबला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणाचा अंदाज असा की तो कार्यक्रम चालू असताना वर्षाला ३७,००० ते ४९,००० मृत्यू टळत होते, आणि ते मुख्यतः वृद्धांचे. हा अंदाज आहे, त्यावर आक्षेपही घेतले गेले. पण लसीकरण थांबल्यावर हिवाळ्यातले जादा मृत्यू वाढले, हे त्या आकडेवारीत दिसतं.

म्हाताऱ्यांना वाचवण्यासाठी मुलांना सुई का टोचायची, हा प्रश्न एका पालकसभेत एका वडिलांनी मला विचारला होता. प्रश्न विचारण्यासारखाच आहे. मुलांचाही यात स्वतःचा फायदा आहे, लहान मुलांनाही फ्लूमुळे न्यूमोनिया होतो, हे मी सांगितलं. पण तेवढ्यावर थांबणं मला अप्रामाणिकपणाचं वाटलं. एकमेकांसाठी थोडा त्रास सोसणं हे आपण शाळेत शिकवतोच. सक्ती मला नको आहे. जपानचा अनुभव सांगतो की विश्वास नसताना केलेली सक्ती कार्यक्रमालाच बुडवते. शाळेतच, पालकांच्या लेखी संमतीनं, मोफत आणि शंकांना शांतपणे उत्तरं देऊन लस मिळावी. ब्रिटननं २०१३ पासून टप्प्याटप्प्यानं मुलांना नाकात फवारायची लस द्यायला सुरुवात केली. सुईची भीतीच उरली नाही, आणि बरीचशी मुलं ती शाळेतच घेतात.

मग साथ आलीच तर शाळा बंद करायच्या का? फ्रान्समधल्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी तपासून केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मुलांना होणारा संसर्ग २० ते २९ टक्क्यांनी मंदावतो. म्हणजे बंदचा उपयोग होतो. पण त्याची किंमत पुन्हा त्याच आईला मोजावी लागते जिला एका दिवसाची रजा मिळत नव्हती. जपानमध्ये बहुतेक वेळा सगळी शाळा बंद करत नाहीत, आजारी मुलं वाढली तर तेवढाच वर्ग काही दिवस बंद ठेवतात. मला हा मार्ग जास्त समंजस वाटतो.

१९१८ च्या भीषण साथीत अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्कनं त्या चालू ठेवल्या. आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांच्यावर प्रचंड टीका झाली. बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफीन बेकर यांचं म्हणणं होतं की दाटीवाटीच्या अंधाऱ्या खोल्यांत राहणारी मुलं शाळेतच जास्त सुरक्षित आहेत, कारण तिथे त्यांना रोज कुणीतरी तपासेल. सकाळी मुलं आली की घोळका न करता थेट वर्गात जायची. शिक्षक प्रत्येक मुलाला नीट पाहायचे. शंका आली की शाळेच्या डॉक्टरांकडे किंवा परिचारिकेकडे. आजारी मुलाला घरी पोचवलं जायचं आणि घरी मागोवा घेतला जायचा. तो निर्णय बरोबर होता की नाही यावर इतिहासकार आजही वाद घालतात. मला त्यातून घ्यावंसं वाटतं ते एवढंच की शाळा उघडी ठेवायची तर तिच्याकडे पाहणारे डोळे हवेत. डॉ. बेकर यांच्या हाताशी शाळेसाठी नेमलेल्या परिचारिका होत्या. आज किती शाळांत एक तरी परिचारिका आहे? आजारी मूल घरी न्यायला कुणी येईपर्यंत त्याला वेगळं बसवायला एक हवेशीर खोली तरी आहे का?

शिक्षकांबद्दलही लिहायलाच हवं. मी स्वतः ताप अंगात घेऊन परीक्षेचे पेपर वाटले आहेत. माझ्या जागी कुणी येणार नव्हतं, आणि रजा मागणं म्हणजे सहकाऱ्यांवर भार टाकणं, असं वाटायचं. ते चूक होतं. बदली शिक्षकाची सोय नसलेली शाळा आजारी शिक्षकाला वर्गात उभं करते, आणि चाळीस मुलं त्याच्याकडे पाहून शिकतात की आजारपण लपवायचं असतं.

गेल्या वर्षी मी मुख्याध्यापकांकडे दोन मागण्या लिहून दिल्या. उपस्थितीची बक्षिसं बंद करावीत, आणि हजेरीपटात आजारपणाची वेगळी खूण असावी. पहिली मागणी मान्य झाली. दुसरीबद्दल ते म्हणाले, हजेरीपटाचा नमुना वरून ठरून येतो, तो शाळेला बदलता येत नाही. तोपर्यंत मी माझ्या वहीत पेन्सिलीनं तिसरी खूण करते. एक छोटं वर्तुळ. त्या मुलांची यादी करून रोज संध्याकाळी कुणीतरी एक जण त्यांना अभ्यास कळवतो, चाचणी बुडली तर मी ती नंतर घेते. साथीच्या आठवड्यात माझ्या वहीत नऊ वर्तुळं होती. सहा दिवसांनी परत आलेली एक मुलगी बाक सोडून टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझी गैरहजेरी लागली का हो?" मी तिला वहीतलं वर्तुळ दाखवलं. ते कशाचं आहे हेही सांगितलं. ती खूश होऊन जागेवर गेली. सरकारी हजेरीपटात तिच्या नावापुढे सहा दिवस गैरहजर असंच लिहिलेलं आहे.